आधी उलटा हात

नर्सिंग कॉलेजच्या जिन्यापाशी एक मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर रोज सकाळी मुलींची नावं झळकत. कुणाचा हात किती जुळला, ते नावापुढं आकड्यात. तिसऱ्या वर्षाच्या यादीत शलाका दरंदलेचं नाव कायम सगळ्यांच्या वर. बाकीच्या मुली त्या पडद्यापुढं थांबायच्या, हळहळायच्या, एकमेकींना कोपरं मारायच्या. शलाका मान वरसुद्धा न करता वर्गाकडं जायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय साधी पोरगी आहे! साधीबिधी काही नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं, एवढंच.

हे नगरचं सांगतोय. शहराचं नाव बदलूनही आता बरीच वर्षं झाली होती, पण एसटीत बसणारी माणसं अजून नगरच म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

तर हा हात जुळण्याचा काय प्रकार आहे, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. नर्सिंगला येणाऱ्या मुली पहिल्या वर्षी माया घेऊनच येतात. पेशंट कण्हला की यांच्या डोळ्यांत पाणी. मग वॉर्ड, पाळ्या, परीक्षा, ओरडा, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ती माया आटत जाते. शिकवणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, उपाय मात्र कुणाकडं नव्हता. मग एका कंपनीनं मोजा काढला. केसापेक्षा बारीक तारांनी विणलेला, कोपरापर्यंत येणारा हातमोजा. दाब, ऊब, थरथर, सगळं टिपणारा. एका अनुभवी नर्सबाईंनी तो वर्षभर घालून काम केलं, आणि त्यांच्या हातातली सगळी हुशारी त्यात उतरली. बाईंचं नाव कंपनीनं सांगितलं नाही. मुलींनी आपलं त्यांना ‘काकू’ करून टाकलं.

आता तोच मोजा शिकणाऱ्या मुलीनं घातला की तो तिच्या स्नायूंना अगदी हलका करंट द्यायचा. मुलीच्या मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचायच्या किंचित आधी. हात काकूंसारखा वळायचा, आणि मेंदूला वाटायचं, आपणच वळवला. हात भलतीकडं गेला तर मोजा बारीक चिमटा काढायचा. असं महिनोन्महिने झालं की डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, सायकल चालवणं जिथं मुरतं तो, तो हे सगळं आपलंसं करायचा. मग मोजा काढला तरी हात काकूंचाच राहायचा. कंपनीचं म्हणणं असं, की हात मायेनं फिरायला लागला की मन आपोआप मागून येतं. ऐकायला किती छान!

काकूंच्या काही लकबी होत्या. पेशंटला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणायची. मनगट धरलं की अंगठा आतल्या बाजूनं हळूहळू गोल फिरवायचा. पाच बॅचच्या मुली हेच करत होत्या.

शलाका घोडेगावची. तिचे अण्णा वीज मंडळात वायरमन होते. घरात पंखा असो, मिक्सर असो, फ्रिज असो, अण्णा कशालाही आधी उलटा हात लावायचे. बोटांची मागची बाजू. लेकीलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. “तळहात लागला आणि करंट असला तर मूठ आवळते, मग तार सुटत नाही. उलटा हात झटक्यानं मागं येतो. आधी उलटा हात, मग सुलटा.” ही सवय त्यांच्या इतकी अंगात भिनलेली, की बायकोला ताप आला तरी कपाळाला आधी उलटी बोटं लावायचे. आई चिडवायची, “अहो, करंट नाही माझ्यात!” आणि तापातसुद्धा हसायची.

पहिल्या वर्षी शलाकाही पेशंटच्या गालाला आधी उलटी बोटं लावायची. मोजा चिमटा काढायचा. लावायची, चिमटा काढायचा. दिवाळीपर्यंत ती सवय गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी अण्णा गेले. जन्मभर करंटशी खेळलेला माणूस मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटून गेला. शलाकाच्याच हॉस्पिटलात. पडद्याआड अण्णा होते, बाहेर आई होती, आणि आई म्हणाली, “शलाका, तू पूस त्यांना. परक्यांना नको लावू देऊ हात. तू शिकलीयस ना?”

शलाका पडद्याच्या आत गेली. हातात मोजा नव्हता, तो कॉलेजच्या कपाटात होता. तिनं हात पुढं करायचा प्रयत्न केला, पण हात खालीच लोंबत राहिले. काय करायचं ते त्यांना कुणी सांगत नव्हतं. शेवटी वॉर्डातल्या दोघींनी तिला बाजूला केलं आणि अण्णांना पुसून गुंडाळलं. दोघी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होत्या. बाहेर शेवटच्या वर्षाची एक मुलगी आईशेजारी बसली होती. तिनं तळवे चोळले, आईचं मनगट धरलं आणि अंगठा हळूहळू गोल फिरवला.

तेव्हापासून शलाकाला काही वाटेनासं झालं. भूक लागायची, झोप यायची, अभ्यास व्हायचा. पण कुणी मेलं काय, कुणी बरं होऊन पेढे घेऊन आलं काय, सगळं सारखंच. आणि गंमत बघा, नेमकी तेव्हापासून तिची जुळणी वर चढत गेली. मोज्याला असाच हात हवा असतो, ज्याला स्वतःचं काही म्हणायचं नाही. तिची खोलीतली मैत्रीण निलोफर पठाण पेशंट बघून कळवळायची, तिचा हात मध्येच धावायचा, मध्येच थबकायचा, मोजा तिला चिमटे काढून काढून हैराण करायचा. निलोफरचं नाव यादीत तळाला.

“अगं, तुझ्यात आहे तरी काय एवढं?” निलोफर वैतागून विचारायची.

“काही नाही,” शलाका म्हणायची. ते अगदी खरं होतं, पण निलोफरला तो नम्रपणा वाटायचा.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला शलाका घरी गेली. आईचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता, वेणीसुद्धा शेजारीण घालून द्यायची. शलाकानं तेल कोमट केलं. आईच्या मागं बसली, तळवे चोळले आणि खांद्यावर हात ठेवला. काकूंचा हात होता तो, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आईनं डोळे मिटले. “बरं वाटतंय गं,” म्हणाली. मग शलाकानं तिचं मनगट धरून हात हलकेच वर उचलला, आणि अंगठा आतल्या बाजूनं गोल फिरला.

आई ताठ झाली.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी म्हणजे? कॉलेजात.”

“त्या दिवशी त्या पोरीनं असंच केलं होतं. अगदी असंच.” आईनं मनगट सोडवून घेतलं. “आत तुझ्या अण्णांना परकी माणसं पुसत होती आणि बाहेर ती माझा हात चोळत होती. मला वाटलं, किती जीव लावते ही. आणि आता तूही तेच. तो हात तिचाही नव्हता आणि हा तुझाही नाही. कुणाचा हात आहे हा, शलाके?”

“आई, उगाच काय! माझाच आहे.”

“नाही. मी जन्म दिलाय त्या हाताला, मला नको सांगू.” आई उठली. एका हातानंच पदर सारखा केला. “तुझा हात घेऊन ये. मग लाव मला. तोवर राहू दे खांदा तसाच.”

शलाकानं तेलाची वाटी धुऊन पालथी घातली. दुसऱ्या दिवशी ती नगरच्या एसटीत बसली. आपल्याला आता वाईट वाटायला हवं, रडू आलं तर बरं होईल, असं वाटून तिनं खिडकीशी बसून वाट पाहिली. इमामपूरचा घाट मागं पडला तरी काही आलं नाही. मग तिनं डबा उघडून चकली खाल्ली.

वॉर्डात तेव्हा पालवेबाबा होते. गेनू पालवे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. फुप्फुसं कामातून गेलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा. लेक सुरतेला. तोंड मात्र पक्कं कंडक्टरचं.

“तुम्हा सगळ्या पोरींचा हात एकच कसा गं?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. “आधीच दिसत नाही मला. हात लागला तरी कळत नाही, कोण आलंय. म्हणून आपला नियम. आधी नाव सांगायचं. मग मी डबल बेल देणार. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.”

मग शलाका रोज पलंगाशी उभी राहून म्हणायची, “बाबा, शलाका.” बाबा बोटातल्या अंगठीनं पलंगाच्या कठड्यावर दोनदा वाजवायचे, टण टण, आणि म्हणायचे, “चला, जाऊ द्या.” की मग अंग पुसणं, कूस बदलणं. मध्ये दुखलं तर एक बेल. एक बेल म्हणजे थांबा. निलोफरला यात भारी मजा वाटायची. शलाका आपली नियम म्हणून पाळायची. बाबा तिला घोडेगावच्या स्टँडवरचे जुने किस्से सांगायचे, कुणाची कोंबडी सुटली, कोण विनातिकीट सापडला. ती “हं” म्हणायची. ते तरीही सांगायचे.

दिवाळीहून ती परत आली त्याच आठवड्यात, दुपारी जेवणाच्या गाड्या परत चालल्या असताना, पालवेबाबा गेले. डॉक्टर येऊन बघून गेले. लेकीला फोन झाला, ती सुरतेहून निघाली होतीच. शांतवन मॅडम आल्या. ग्रेस शांतवन, कॉलेजच्या ट्यूटर, निवृत्तीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. निलोफर कोपऱ्यात हुंदके देत होती, तिला त्यांनी धुतलेली चादर आणायला पिटाळलं.

“शलाका, लास्ट ऑफिस तू कर,” मॅडम म्हणाल्या. मेलेल्या माणसाची शेवटची निगा, तिला वॉर्डात हेच म्हणतात. डोळे मिटायचे, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, हनुवटी बांधायची, चादर घालायची. “लेक येईल तेव्हा बाप नीट दिसला पाहिजे.”

शलाकानं मोजा चढवला आणि पलंगाकडं वळली. मोज्यावरचा हिरवा ठिपका विझला.

“मॅडम, बंद पडला हा.”

“बंद नाही पडला. त्यात हे नाहीच.”

“म्हणजे?”

“म्हणजे मेलेल्या माणसासाठी हात कुणी टिपून घेतलाच नाही. तो पेशंट नाही, त्याला स्पर्श कळत नाही, मग जागा कशाला अडवायची, असं कंपनीच्या लोकांचं म्हणणं.” मॅडमनी बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. “तुमच्या काकूंना मी ओळखायची. एका वॉर्डात होतो आम्ही. भयंकर बडबडी बाई. मेलेल्या माणसाशीसुद्धा बोलायची. दादा, आता डावीकडं वळवते हं, पाणी जरा गार आहे हं. ते काही मोज्यात आलं नाही. मोज्याला बोलणं कुठं कळतं? काढ तो.”

शलाकानं मोजा काढला. हात खाली लोंबले. अण्णांच्या वेळी लोंबले होते तसेच. तिला ते दिसलं आणि पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. भीती होती ती. आताही यांना कुणीतरी दुसरंच पुसणार, बाजूला उभं राहून आपण बघणार, आणि मग हे हात कायमचे असेच राहणार.

“मला जमणार नाही, मॅडम.”

मॅडम पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

शलाका पलंगाशी आली. बाबांचा हात कठड्याशेजारीच पडला होता, अंगठी बोटात. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. आपण कशाला थांबलोय, तेच तिला कळेना. मग कळलं. नाव सांगितलं नव्हतं.

“बाबा, शलाका,” ती म्हणाली.

बेल अर्थातच आली नाही. तिनं जरा वाट पाहिली, आणि मग स्वतःच बोटाच्या पेरानं कठड्यावर दोनदा वाजवलं. टक टक. अंगठीसारखा आवाज नाही आला त्याचा.

“चला, जाऊ द्या,” ती पुटपुटली आणि तिचा हात पुढं गेला.

तो उलटा गेला. बोटांची मागची बाजू बाबांच्या गालाला लागली. दाढीचे खुंट टोचले. गाल अजून पुरता गार झाला नव्हता. शलाका चिमट्याची वाट बघत राहिली. चिमटा आला नाही. मोजा खुर्चीवर पडला होता आणि हात तिथंच गालावर होता, आणि हा हात तिनं ओळखला. पंख्याला, मिक्सरला, आईच्या कपाळाला लागायचा तो हात. तो गेलाच नव्हता. नुसता चिमट्यांना भिऊन बसला होता.

“डोळे मिटते हं, बाबा,” ती म्हणाली, आणि हात सुलटा केला.

पुढचं सगळं कच्चं झालं. फडकं नीट पिळलं गेलं नाही, उशीवर पाणी सांडलं. हनुवटीची पट्टी सुटली, परत बांधली, परत सुटली. पहिल्या वर्षाची पोरगी बरी, अशी गत. पण ती बोलत होती. “उजवीकडं वळवते. जड आहात हो तुम्ही. पाणी गार आहे, सांगून ठेवते. ती कोंबडी सुटली होती, ती पुढं सापडली का हो? मी विचारलंच नाही.” बोलता बोलता तिला वाईट वाटलं. सरळ, साधं, माणसाला वाटतं तसं वाईट. बाबांचं वाटलं, आणि त्याच्यामागून अण्णांचं आलं, कारण अण्णांना पुसताना कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं की आता डोळे मिटते, आता कूस बदलते. न सांगता वळवलं होतं त्यांना. आणि ती तिथंच उभी होती.

डोळ्यांत पाणी आलं, पण हात ओले होते म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं.

शांतवन मॅडम अजून पायथ्याशीच उभ्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी नीट बघितलं.

“उजव्या कानामागं राहिलंय,” त्या म्हणाल्या.

शलाकानं परत फडकं भिजवलं. “बाबा, कान राहिलाय हं,” म्हणाली, आणि पुसला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरावाला मोजा घातला आणि पहिल्याच पेशंटला हात उलटा गेला. चिमटा. पुन्हा उलटा, पुन्हा चिमटा. आठवडा गेला तरी हात ऐकेना. पडद्यावर तिचं नाव घसरत घसरत निलोफरच्याही खाली आलं. निलोफर तर घाबरलीच. “अगं, बरी आहेस ना तू? माझ्या खाली म्हणजे काय खायचं काम आहे का!”

शलाका त्या दिवशी पहिल्यांदा पडद्यापुढं थांबली. बघत राहिली. मग तिला हसू आलं. थोडंसंच, पण आलं.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं. “महिनाभर नेटानं मोजा घातलास तर जुळेल परत. पुण्याच्या हॉस्पिटलातली नोकरी जुळणीवरच आहे, तुला माहीत आहे. तुझं नाव त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं.”

“आणि नाही घातला तर?”

“तर उघड्या हातानं परीक्षा द्यायची. नियमात बसतं ते, कुणी देत नाही एवढंच. मार्क जातील. पुणंही जाईल.”

शलाकानं हात मांडीवर ठेवले होते. त्या हातांकडं बघत ती म्हणाली, “जाऊ दे मग, मॅडम.”

मॅडमनी तिच्या मांडीवरचा मोजा उचलला आणि कपाटात ठेवून दिला. “पिळायला शीक फडकं आधी,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी ती घोडेगावला गेली. न कळवता. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती, डाव्या हातानं, उजवा मांडीवर तसाच पडलेला. लेकीला बघून “जेवलीस का?” म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली. शलाका आत गेली, तेल कोमट करून आणलं, आणि आईच्या मागं बसली. आई आखडली. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं असेल, मागून दिसलं नाही.

“आई, शलाका आहे,” शलाका म्हणाली. “हात लावते हं.”

तिनं तळवे चोळले नाहीत. उलटी बोटं आईच्या खांद्याला लावली, पटकन, आणि काढली. मग पुन्हा लावली.

आईच्या हातातली पाकळी थांबली. दारावरून जाणाऱ्या माणसानं हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

“करंट नाही गं माझ्यात,” आई म्हणाली. “लाव सुलटा.”

शलाकानं हात सुलटा केला आणि तेल लावायला घेतलं. जरा जास्तच जोर लागत होता, आई मध्येच “हळू की” म्हणाली, पण खांदा तिनं काढून घेतला नाही.